संग्राहकाची कादंबरी : क्राशेव्स्कीच्या वाङ्मयाचा एक विचार

एखाद्या ग्रंथकाराने फार लिहिले, की त्याच्याविषयी टीकाकाराचे मन आधीच साशंक होते. थोडे लिहिणारा लेखक निवड करून लिहितो आणि पुष्कळ लिहिणारा निवड टाळून लिहितो, असा एक समज वाङ्मयविचारात रुजलेला आहे. तो पुष्कळदा खरा ठरत असल्यामुळे त्याची फेरतपासणी करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. पोलिश कादंबरीकार युझेफ इग्नात्सी क्राशेव्स्की (१८१२–१८८७) ह्याला ह्या समजाचा जाच विशेष झाला आहे. दोनशेहून अधिक कादंबऱ्या, त्यांखेरीज इतिहासग्रंथ, महाकाव्य, प्रवासवर्णने, नाटके, कलाविषयक ग्रंथ आणि वृत्तपत्री लेखन असा सुमारे सहाशे खंडांचा त्याचा पसारा आहे. पोलिश वाङ्मयाच्या इतिहासात त्याचे नाव आदराने घेतले जाते. परंतु तो आदर बहुधा श्रमांविषयीचा असतो, कलेविषयीचा नसतो.

क्राशेव्स्कीविषयी दोन मते विशेष प्रचलित आहेत. पहिल्या मताप्रमाणे तो एक अथक देशसेवक होता; फ्रेंच कादंबऱ्यांत रमलेल्या पोलिश वाचकाच्या हाती त्याने पोलिश कादंबरी दिली आणि परवशतेच्या काळात एका समाजाची वाचनाची भूक जवळजवळ एकट्याने भागविली. दुसऱ्या मताप्रमाणे तो एक घाईचा लेखक होता. त्याच्या कथनात बांधेसूदपणा नाही आणि त्याची पात्रे तपशिलाच्या ओझ्याखाली दबून जातात. ही मते परस्परविरोधी दिसली तरी त्यांचा पाया एकच आहे: दोन्ही खंडांची गणती करतात. एक ती गणती जमेच्या बाजूस मांडते, दुसरे खर्चाच्या बाजूस. ह्या विपुलतेच्या मुळाशी कोणती मनोवृत्ती होती, हा प्रश्न दोहोंनाही पडत नाही.

ही मनोवृत्ती संग्राहकाची होती. क्राशेव्स्की कादंबरीकार होता, इतिहासकार होता आणि चित्रसंग्राहकही होता, असे चरित्रकोशांत लिहिलेले असते. ही तीन विशेषणे एकापुढे एक ठेवली, की ते तीन वेगवेगळे उद्योग वाटतात. वस्तुतः तो एकच उद्योग होता. नष्ट होऊ घातलेली गोष्ट उचलून ठेवणे, तिची नोंद करणे आणि ती इतरांस पाहावयास मिळेल अशी मांडणे, हे कृत्य त्याने चित्रांच्या बाबतीत केले, कागदपत्रांच्या बाबतीत केले आणि कादंबरीतही केले. ही वृत्ती त्याच्या कलेला कोठे पोषक ठरली व कोठे मारक ठरली, हे पाहिल्यावाचून त्याच्या वाङ्मयाचे मूल्यमापन पुरे होणार नाही.

१

क्राशेव्स्कीचा जन्म २८ जुलै १८१२ रोजी वॉर्सा येथे झाला. पोलंडचे राज्य त्यापूर्वीच १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांत रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्यांनी वाटून घेतले होते. बालपणाचा मोठा भाग रोमानूव येथे आजोळी गेला. १८२९ मध्ये तो विल्नोच्या विद्यापीठात दाखल झाला. आरंभी वैद्यकासाठी, मागाहून साहित्यासाठी. नोव्हेंबर १८३० मध्ये वॉर्सात उठाव झाला आणि डिसेंबरात विल्नोतील काही विद्यार्थ्यांबरोबर क्राशेव्स्कीसही अटक झाली. मार्च १८३२ मध्ये तो तुरुंगातून सुटला, पण पुढे वर्षभराहून अधिक काळ त्याला पोलिसांच्या देखरेखीखाली विल्नोतच राहावे लागले.

ह्या काळात त्याच्याभोवती काय घडत होते, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. उठाव मोडून काढल्यावर रशियन शासनाने वॉर्साचे विद्यापीठ बंद केले. १८३२ मध्ये विल्नोचे विद्यापीठही बंद झाले. वॉर्सातील विद्याप्रेमी मंडळ त्याच वर्षी बरखास्त करण्यात आले आणि त्याचा संग्रह पीटर्सबर्गला गेला. त्याच्याही पूर्वी, शेवटच्या फाळणीच्या वेळी, १७४७ मध्ये लोकांसाठी खुले झालेले वॉर्साचे झाउस्की ग्रंथालय असेच उचलून पीटर्सबर्गला नेलेले होते. म्हणजे एकोणीस वर्षांचा हा तरुण तुरुंगातून बाहेर आला तेव्हा त्याच्या समाजापाशी राज्य नव्हते, मोठे ग्रंथालय नव्हते, विद्यापीठही उरले नव्हते. ज्या संस्था एखाद्या राष्ट्राची स्मृती सांभाळतात, त्या सर्व एकामागून एक काढून घेतल्या गेल्या होत्या. अशा स्थितीत संग्रह हा धनिकाचा छंद राहत नाही. संस्थांचे काम व्यक्तीवर येऊन पडते. क्राशेव्स्कीच्या विपुलतेचा उगम येथे शोधला पाहिजे.

१८३८ मध्ये झोफ्या वोरोनिच हिच्याशी त्याचा विवाह झाला आणि व्हॉलिन प्रांतात त्याने जमीनदाराचे आयुष्य सुरू केले. शेती त्याला कधीच नीट साधली नाही. परंतु ह्याच काळात, १८४१ ते १८५१ ह्या अवधीत, त्याने 'आतेनेउम' हे नियतकालिक विल्नोहून चालविले. वाङ्मय, इतिहास, कला ह्यांविषयीचे लेख आणि जुनी कागदपत्रे त्यात प्रसिद्ध होत. मोठ्या शहरापासून दूर, खेड्यातील घरी बसून एका मनुष्याने दहा वर्षे असे नियतकालिक चालवावे, हे त्या काळच्या पोलिश विद्याजीवनाच्या दैन्याचे आणि त्याच्या चिकाटीचे एकदमच गमक आहे. १८५३ मध्ये तो झितोमिर येथे राहावयास गेला. शेतकऱ्यांच्या दास्यमुक्तीचा त्याने पुरस्कार केल्यामुळे तेथील उमराववर्ग त्याच्यावर रुष्ट झाला. १८५९ मध्ये लेओपोल्द क्रोनेनबेर्ग ह्या धनिकाच्या मालकीच्या वॉर्सातील दैनिकाचे संपादकत्व त्याने स्वीकारले. १८६३ च्या जानेवारीत दुसरा मोठा उठाव झाला आणि त्याच सुमारास त्याला कुटुंब मागे ठेवून वॉर्सा सोडावे लागले. त्यानंतरची वीस वर्षे त्याने सॅक्सनीची राजधानी ड्रेझ्डेन येथे काढली.

२

क्राशेव्स्की स्वतः चित्रे काढी. 'व्हॉलिन, पोलेसिए व लिथुएनिया ह्यांच्या आठवणी' हा त्याचा प्रवासग्रंथ १८४० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाटेतील वाडे, चर्चे, बाजार आणि माणसे चित्रकाराच्या नजरेने टिपली आहेत. १८५८ मध्ये त्याने 'इकोनोतेका' हा पोलिश कलाविषयक टिपणांचा ग्रंथ छापला आणि १८६० मध्ये स्लाव्ह लोकांच्या, विशेषतः ख्रिस्तपूर्व श्रद्धांच्या काळातील पोलंड व लिथुएनियाच्या, कलेवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पोलिश कलेचा इतिहास हा विषय तेव्हा विद्यापीठांत शिकविला जात नव्हता. तो लिहावयाचा तर आधी त्याची साधने गोळा करणे प्राप्त होते. त्याच्या संग्रहाचे प्रयोजन हेच होते.

त्याने जमविलेल्या चित्रांत रेखाचित्रे व मुद्राचित्रे मुख्य होती. पोलिश कलावंतांची कामे आणि पोलंडमधील स्थळे, व्यक्ती व प्रसंग ह्यांची चित्रे त्याने वर्षानुवर्षे मिळविली. १८६५ मध्ये ड्रेझ्डेन येथे त्याने ह्या संग्रहाची फ्रेंच भाषेतील सूची प्रसिद्ध केली. तिच्या नावातच त्या संग्रहाला 'पोलिश चित्रसाधनांचा संग्रह' म्हटले आहे. हे नाव अर्थपूर्ण आहे. सौंदर्याच्या निकषावर वेचलेली उत्कृष्ट चित्रे एवढाच त्याचा आशय नाही; एका देशाचे रूप ज्या ज्या कागदावर उमटले आहे तो कागद, मग तो सामान्य कोरक्याचा असो, त्याला हवा होता. म्हणजे निवडीची कसोटी कलात्मक नसून स्मरणाची आहे. कलारसिकाचा संग्रह आणि साक्षीदाराचा संग्रह ह्यांत हा भेद असतो. पहिल्यात एक निकृष्ट चित्र आले तर संग्रहाला उणेपणा येतो. दुसऱ्यात एक चित्र सुटले तर येतो.

सूचीची भाषा फ्रेंच होती, ह्याचाही विचार केला पाहिजे. निर्वासित संग्राहक आपल्या ठेव्याची यादी युरोपला वाचता येईल अशा भाषेत छापतो, तेव्हा त्यात एक दावा असतो आणि एक निरुपायही असतो. दावा असा, की नकाशावर नसलेल्या ह्या देशाला कलेची परंपरा आहे. निरुपाय असा, की संग्रह विकावा लागणार आहे. पुढे तो ब्रानित्स्की घराण्याने घेतला व त्यांच्या सुहा येथील संग्रहात गेला. ड्रेझ्डेनमध्ये त्याने स्वतःचा छापखाना काढला होता, तोही थोड्याच वर्षांत सोडून द्यावा लागला. ज्याने आयुष्यभर जमविले, त्याला जमविलेले राखता आले नाही.

राखता आली ती कादंबरी. तिला भिंती लागत नाहीत आणि ती जप्त करून पीटर्सबर्गला नेता येत नाही. जे चित्र विकावे लागते त्याचे वर्णन विकावे लागत नाही. क्राशेव्स्कीच्या कादंबरीत पोशाख, भांडी, गाड्या, पक्वान्ने, घरांची रचना, लग्नविधी आणि शिव्याशाप ह्यांचा जो अफाट साठा आढळतो, त्याकडे ह्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्याचा अर्थ बदलतो.

३

इतिहासकार म्हणून क्राशेव्स्कीचे पहिले मोठे काम विल्नो शहराचा चार खंडांचा इतिहास हे होय. तो १८४० ते १८४२ ह्या काळात प्रसिद्ध झाला. त्यानंतर प्राचीन लिथुएनियाचा इतिहास दोन खंडांत (१८४७–१८५०) आणि तीन फाळण्यांच्या काळातील पोलंडचा इतिहास तीन खंडांत (१८७३–१८७५) आला. ह्यांपैकी पहिला व शेवटचा हे ग्रंथ त्यांतील साधनसामग्रीमुळे अभ्यासकांना उपयोगी वाटले. मधला ग्रंथ मात्र संग्राहकाच्या वृत्तीतील धोका दाखवितो.

लिथुएनियाच्या प्राचीन इतिहासासाठी त्या काळी तेओदोर नार्बुत ह्याच्या बहुखंडी इतिहासाचा आधार घेतला जाई. नार्बुतने दिलेल्या अनेक कागदपत्रांवर आणि दैवतकथांवर विश्वास ठेवता येत नाही, हे पुढील संशोधनात दिसून आले. क्राशेव्स्कीने १८४० ते १८४६ ह्या काळात लिहिलेले 'अनाफियेलास' हे लिथुएनियाविषयीचे तीन भागांचे महाकाव्य ह्याच सामग्रीवर उभे आहे. काव्याचे नावसुद्धा मृतात्मे ज्या पर्वतावर चढतात त्या नार्बुतवर्णित पर्वताचे आहे. जमविण्याची ओढ इतकी प्रबळ, की मिळालेली वस्तू अस्सल आहे की नाही हे पारखण्याची सवड राहू नये, असे येथे झाले. हरवलेल्या गोष्टींच्या शोधात निघालेल्या मनुष्याला खोटी वस्तूही सापडल्यासारखी वाटते.

पण इतिहास म्हणून अग्राह्य ठरलेली ही सामग्री वाङ्मय म्हणून निष्फळ ठरली नाही. महाकाव्याच्या पहिल्या भागाचे लिथुएनियन भाषांतर १८८१ मध्ये पोझ्नान येथे प्रसिद्ध झाले, आणि ज्या भाषेत छापण्यास रशियन साम्राज्यात लॅटिन लिपीची बंदी होती त्या भाषेच्या जागृतीला एका पोलिश कवीच्या काव्याने हातभार लावला. क्राशेव्स्कीने ह्याच विषयावर १८८१ मध्ये 'कुनिगास' ही कादंबरी लिहिली. ट्युटॉनिक सरदारांनी लहानपणी पळवून आणून जर्मन म्हणून वाढविलेल्या लिथुएनियन राजपुत्राला आपल्या मूळ भाषेचे शब्द ऐकून आपण कोण ह्याची जाणीव होते, आणि अखेरीस पिलेनाय येथील गढीत वेढ्यात सापडलेले लोक शरण जाण्याऐवजी स्वतःस अग्नीच्या स्वाधीन करतात. ह्या कथेत साधनांची भाऊगर्दी नाही. विसरलेला एक शब्द परत मिळणे, एवढाच तिचा गाभा आहे. संग्राहकाच्या आयुष्याचे प्रयोजन येथे एका पात्राच्या अनुभवात उतरले आहे, आणि म्हणूनच ती कथा जिवंत आहे.

४

क्राशेव्स्कीची कला सर्वांत सहज जेथे दिसते ती त्याची ग्रामीण जीवनावरील कादंबरी होय. 'उलाना' (१८४३), 'ओस्ताप बोंदार्चुक' (१८४७), 'गावाबाहेरची झोपडी' (१८५४–१८५५) आणि 'येर्मोला' (१८५७) ह्या कृती व्हॉलिन व पोलेसिए येथील त्याच्या प्रत्यक्ष निरीक्षणातून आल्या. 'उलाना' मध्ये एक तरुण जमीनदार दास शेतकऱ्याच्या बायकोला जवळ करतो. नवरा सूडाने वाडा पेटवितो. पुढे जमीनदार शहरातून पत्नी आणतो आणि उलाना तळ्यात जीव देते. विषय भडक होण्यास अनुकूल आहे. लेखकाने तो भडक केलेला नाही. जमीनदाराला तो खलपुरुष करीत नाही; त्याचे प्रेम त्या क्षणी खरे असते आणि नेमके म्हणूनच ते अधिक घातक ठरते, कारण ज्या समाजव्यवस्थेत एक मनुष्य दुसऱ्याचा मालक असतो तेथे खऱ्या प्रेमालाही मालकीचेच रूप येते.

'येर्मोला' ही ह्यांहून सरस कृती म्हणावी लागेल. एका एकाकी म्हाताऱ्याला टाकून दिलेले मूल सापडते. त्याच्या संगोपनासाठी तो उतारवयात कुंभारकाम शिकतो. वर्षे लोटतात, मुलगा वाढतो, आणि मग त्याचे उच्चकुलीन आईबाप त्याला नेण्यास येतात. मुलाचे मन नव्या घरी रमत नाही. तो म्हाताऱ्याकडे येतो, दोघे रानात पळून जातात आणि तेथे मुलगा मरण पावतो. चाक, माती, भट्टी ह्यांचे तपशील ह्या कादंबरीत पुष्कळ आहेत. परंतु ते प्रदर्शनात मांडलेले नाहीत. म्हातारा मुलासाठी शिकतो म्हणून वाचकही त्याच्याबरोबर शिकतो. वस्तू आणि भावना ह्यांचा सांधा येथे असा जुळला आहे, की एक काढली तर दुसरी उरत नाही.

'गावाबाहेरची झोपडी' मध्ये जिप्सी तुमरी आणि शेतकऱ्याची मुलगी मोत्रुना ह्यांच्या विवाहामुळे गाव त्यांना वाळीत टाकतो. कोणी लाकूड देत नाही, कोणी हात लावीत नाही. तुमरी एकट्याने स्मशानाजवळ झोपडी उभारतो. वाळीत टाकणे ही गोष्ट किती संथपणे आणि कशी छोट्या छोट्या नकारांनी घडते, हे त्या झोपडीच्या बांधकामातून दाखविले आहे. ह्याच कथेवर पादेरेव्स्कीने 'मानरू' ही संगीतिका रचली आणि तिचा पहिला प्रयोग १९०१ मध्ये ड्रेझ्डेन येथे झाला.

ह्या कादंबऱ्यांचे यश कशात आहे? तपशील येथे कमी आहेत असे नाही. परंतु लेखकाने ते ग्रंथांतून मिळविलेले नाहीत. जगताना ते त्याच्याकडे आले आहेत. जी वस्तू कोणाच्या तरी हातात असताना पाहिली, तिच्याबरोबर तो हातही वर्णनात येतो.

५

ड्रेझ्डेनच्या काळात क्राशेव्स्की ऐतिहासिक कादंबरीकडे वळला. १८७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'जुनी कथा' ह्या कादंबरीपासून त्याने एक प्रचंड योजना आरंभिली: पोलंडचा सारा इतिहास, प्रागैतिहासिक काळापासून सॅक्सन राजांच्या काळापर्यंत, कादंबऱ्यांच्या मालेत सांगावयाचा. ह्या मालेत २९ कादंबऱ्या झाल्या. पहिली कादंबरी आजही सर्वांत अधिक वाचली जाते. क्रूर राजा आणि त्याची जर्मन पत्नी, त्यांच्याविरुद्ध एकवटणाऱ्या स्वतंत्र शेतकऱ्यांच्या पंचायती, दोमान आणि जीवा ह्यांची प्रेमकथा, आणि अखेरीस पियास्त ह्या साध्या मनुष्याची राजा म्हणून निवड, असे तिचे कथानक आहे. ह्या काळाविषयी लेखी साधने जवळजवळ नाहीत. जुन्या बखरीतील दंतकथा तेवढ्या आहेत. त्यामुळे लेखकाला कल्पना करणे भाग पडले, आणि तेच कादंबरीच्या पथ्यावर पडले. कुपालाच्या रात्री दोमान जीवेला पळवितो व ती त्याच्यावर शस्त्र चालविते, आणि पुढे तीच त्याची जखम बरी करते. ह्या प्रसंगांना कोणत्याही कागदाचा आधार नाही, म्हणून ते कागदी नाहीत.

मालेतील पुढच्या कादंबऱ्यांत परिस्थिती उलट होते. काळ जसजसा अलीकडे येतो तसतशी साधने वाढतात आणि कथानक त्यांच्या मागे चालू लागते. द्लुगोश ह्या पंधराव्या शतकातील बखरकाराच्या क्रमाने प्रसंग येतात. काल्पनिक पात्रे निरोप्यांसारखी एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जातात आणि मोठ्या घटनांना साक्षी राहतात. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात काही घडत नाही. १४१० सालच्या ग्रुनवाल्डच्या लढाईवर क्राशेव्स्कीनेही लिहिले आणि हेन्रिक श्येनक्येविच ह्यानेही लिहिले. श्येनक्येविचच्या 'ट्युटॉनिक सरदार' (१९००) ह्या कादंबरीत युद्ध वाचकाच्या अंगावर येते, क्राशेव्स्कीत ते नोंदले जाते. श्येनक्येविचने इतिहासातून जे त्याच्या कथेला हवे तेवढेच घेतले. क्राशेव्स्कीला घेतलेले काहीही टाकणे अपराधासारखे वाटे. संग्राहकाचा हा प्रामाणिकपणा कादंबरीकाराला महाग पडला.

ह्या सामान्य निष्कर्षाला सॅक्सन कादंबरीत्रयीने अपवाद निर्माण केला आहे. 'काउंटेस कोसेल', 'ब्र्यूल' आणि 'सप्तवार्षिक युद्धातून' ह्या तीन कादंबऱ्या १८७३ ते १८७५ च्या सुमारास लिहिल्या गेल्या. ड्रेझ्डेनचे राजवाडे, चित्रदालन आणि रस्ते लेखकाच्या रोजच्या पाहण्यातले होते, आणि ज्या दोन ऑगस्टस राजांनी पोलंडचा मुकुट मिरवीत पोलंडला दुबळे केले त्यांच्याविषयी त्याच्या मनात राग होता. परिचय आणि राग ह्या दोहोंनी मिळून निवडीचे काम केले.

'काउंटेस कोसेल' ची नायिका ही दुसऱ्या ऑगस्टसची प्रेयसी. राजाने तिला विवाहाचे लेखी वचन दिलेले असते. कृपा सरल्यावर राजाला तो कागद परत हवा असतो आणि ती तो देत नाही. ह्या हट्टापायी १७१६ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १७६५ पर्यंत, तिला स्टोल्पेनच्या किल्ल्यात राहावे लागते. ऐतिहासिक सत्य एवढे आहे. क्राशेव्स्कीने त्यात झाक्लिका हा पोलिश तरुण घातला. शरीरबळात तो राजाच्या तोडीचा आहे, मुकाट्याने तिच्यावर निष्ठा ठेवतो, तो कागद सांभाळतो आणि तिला सोडविण्याच्या प्रयत्नात मरतो. दस्तऐवज हा संग्राहकाच्या रोजच्या व्यवहारातील पदार्थ. येथे तो साऱ्या शोकांतिकेचे केंद्र झाला आहे. ज्याने दिलेला शब्द मोडला त्याला कागदाची भीती वाटते. जिच्यापाशी दुसरे काही उरले नाही ती कागदाला धरून राहते. साधनाविषयीची आस्था आणि मनुष्याविषयीची आस्था ह्यांत येथे अंतर राहिलेले नाही. राज्य गमावलेल्या आणि मोडलेली वचने मोजीत बसलेल्या पोलिश वाचकाला कोसेलच्या हट्टात आपले काही दिसले असेल, तर त्यात नवल नाही.

'ब्र्यूल' मध्ये आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. तिसरा ऑगस्टस हा युरोपातील थोर चित्रसंग्राहकांपैकी एक. राफाएलची 'सिस्टाइन मॅडोना' १७५४ मध्ये ड्रेझ्डेनला आली ती त्याच्यामुळे. दोनच वर्षांनी प्रशियाच्या फ्रेडरिकने सॅक्सनीवर चढाई केली. क्राशेव्स्कीच्या कादंबरीत हा राजा चित्रे, संगीतिका आणि शिकार ह्यांत रमलेला आहे आणि राज्य ब्र्यूल ह्या मंत्र्याच्या हाती गेले आहे. स्वतः संग्राहक असलेल्या लेखकाने संग्राहक राजाचे हे चित्र उपरोधाने रंगविले आहे. संग्रह हे कर्तव्यही असू शकते आणि कर्तव्यापासूनचे पलायनही असू शकते, हे त्याला कळले होते. एका समाजाचे सर्व काही गेल्यावर उरलेले वेचणारा आणि सर्व काही असताना जे जाणार आहे त्याकडे पाठ करून चित्रे लावणारा, ह्या दोघांच्या हातात चित्रे सारखीच असतात.

६

ऑक्टोबर १८७९ मध्ये क्राशेव्स्कीच्या वाङ्मयसेवेचा सुवर्णमहोत्सव क्राकुव येथे साजरा झाला. तीन साम्राज्यांत विभागलेल्या पोलिश समाजाला एकत्र येण्याचे ते एक निमित्त होते. नूतनीकरण झालेल्या सुक्येनित्से ह्या जुन्या व्यापारपेठेच्या वास्तूत हा समारंभ भरला. त्याच प्रसंगी हेन्रिक श्येमिराड्झ्की ह्या चित्रकाराने आपले 'नीरोच्या मशाली' हे भव्य चित्र क्राकुव शहराला अर्पण केले आणि ७ ऑक्टोबर रोजी नगरपरिषदेने राष्ट्रीय संग्रहालय स्थापण्याचा ठराव केला. ज्याला स्वतःचा संग्रह राखता आला नाही त्याच्या गौरवसमारंभात एका राष्ट्राच्या संग्रहालयाचा पाया घातला गेला. हे संग्रहालय क्राशेव्स्कीने स्थापिले असे म्हणता येणार नाही. पण अशा संस्थेची गरज वाटावी इतके समाजमन त्याच्या पन्नास वर्षांच्या लेखनाने तयार केले होते, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

पुढील वर्षे कष्टाची गेली. १८८३ मध्ये फ्रान्सला लष्करी माहिती पुरविल्याच्या आरोपावरून त्याला बर्लिन येथे अटक झाली. १८८४ मध्ये लाइप्झिगच्या न्यायालयाने त्याला साडेतीन वर्षांची शिक्षा दिली आणि त्याची रवानगी माग्डेबुर्गच्या किल्ल्यात झाली. तेथेही त्याचे लेखन चालू होते. १८८५ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव जामिनावर सुटल्यावर तो इटलीतील सान रेमोला गेला. फेब्रुवारी १८८७ मधील भूकंपानंतर तो तेथून जिनिव्हास आला आणि १९ मार्च १८८७ रोजी वारला.

त्यानंतर त्याच्या कृतींनी आपापली वाट धरली. 'काउंटेस कोसेल' वर १९६८ मध्ये आणि 'जुनी कथा' वर २००३ मध्ये पोलिश चित्रपट निघाले. सॅक्सन कादंबऱ्यांवरून पूर्व जर्मनीत दूरदर्शनमालिका तयार झाली आणि १९८५ पासून ती दाखविली गेली. म्हणजे ज्या राजवंशावर त्याने टीका केली त्याच्याच भूमीतील लोकांनी आपला इतिहास त्याच्या नजरेतून पाहिला. ड्रेझ्डेनमधील त्याच्या घरात १९६० मध्ये आणि रोमानूव येथील वास्तूत १९६२ मध्ये संग्रहालये उघडली. २०१२ हे वर्ष पोलंडच्या संसदेने त्याच्या स्मरणार्थ जाहीर केले. पीटर्सबर्गला गेलेल्या झाउस्की ग्रंथालयाचा काही भाग १९२१ च्या तहानंतर पोलंडला परत मिळाला होता. १९४४ मध्ये वॉर्सा उद्ध्वस्त झाले तेव्हा त्याचा मोठा भाग जळून गेला. वस्तू एकदा वाचविली म्हणजे कायमची वाचली असे होत नाही, हे ह्या ग्रंथालयाच्या नशिबावरून दिसते. छापलेल्या व घरोघरी पसरलेल्या कादंबऱ्या मात्र राहिल्या.

तेव्हा क्राशेव्स्कीचे मूल्यमापन एकाच कसोटीने करता येत नाही. कलाकृती म्हणून त्याच्या दोनशे कादंबऱ्यांतून सात-आठ निवडाव्या लागतात आणि त्या निवडताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. 'येर्मोला', 'उलाना', 'काउंटेस कोसेल', 'ब्र्यूल', 'जुनी कथा' ह्या कोणत्याही वाङ्मयाला भूषण ठरतील. परंतु उरलेल्या कादंबऱ्या वाया गेल्या असे म्हणणाऱ्या टीकेने एका प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे: ज्या समाजापाशी संग्रहालय नाही, विद्यापीठ नाही, अभिलेखागार परक्याच्या हाती आहे, त्या समाजात लेखकाने निवड कोणत्या अधिकाराने करावी? काय टाकून द्यावयाचे हे ठरविण्यास आधी सर्व काही सुरक्षित असावे लागते. श्येनक्येविचला निवड करता आली, ह्याचे एक कारण असे की त्याच्यापूर्वी कोणी तरी न निवडता जमविले होते. निवड हा कलेचा धर्म आहे; पण पहिल्याने साठविल्यावाचून दुसऱ्याला तो पाळता येत नाही.

क्राशेव्स्कीचे दफन क्राकुवच्या स्काउका येथील चर्चच्या तळघरात झाले आहे. थोर पुरुषांसाठी हे तळघर १८८० मध्ये सिद्ध झाले, आणि तेथे प्रथम आणून ठेवण्यात आले ते द्लुगोश ह्या बखरकाराचे अवशेष. ज्याच्या पानांवरून एकाने आयुष्यभर टिपून घेतले, त्याच्याच शेजारी त्याला जागा मिळाली. क्राशेव्स्कीच्या वाङ्मयाची जागाही तीच आहे: बखर आणि कादंबरी ह्यांच्या मधली. ती जागा कलेच्या इतिहासात दुय्यम समजली जाते. परंतु पोलिश कादंबरी बखरीपासून कलेकडे आली ती ह्याच जागेवरून आली, आणि त्या वाटेवर ती सर्वाधिक काळ थांबली ती क्राशेव्स्कीच्या घरी.